तळमजल्यावरून तानसाला

मीरा रोडला शांती नगर ओलांडलं की तेव्हा फार काही नव्हतं. मिठागरांची पडीक जमीन, अर्धवट उभ्या इमारती, आणि पावसाळ्यात रस्ता कुठे संपला नि खाजण कुठे सुरू झालं ते कळू नये इतकं पाणी. तिथल्या एका चार माळ्यांच्या इमारतीत मी तळमजल्याची जागा घेतली. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी आणि धान्याची पोती, मागच्या खोलीत आम्ही नवरा-बायको. मुलगी लग्न होऊन गेली होती.

जागा मी डोळे मिटून घेतली नव्हती. लालबागच्या धान्याच्या दुकानात पोती उचलत मी वर आलो. मला कोणी उन्हाळ्यात जागा दाखवली तर मी ती पावसाळ्यात बघायला जातो. हीसुद्धा तशीच बघितली. जुलैच्या मुसळधार पावसात छत्री धरून उभा राहिलो. इमारतीभोवतीचं सगळं पाणी मागच्या खोलगट तळ्यात उतरत होतं आणि ओहोटी लागली की तिथून खाडीकडे सरकत होतं. उंबऱ्याला थेंब शिवला नाही. मग बिल्डरच्या ऑफिसात गेलो आणि भावाचं बोललो. तो म्हणाला, मागची जागा मोकळीच राहणार, तिथे बाग होणार. ते मी त्याच्याकडून दोन-तीनदा वदवून घेतलं. वरचे लोक पुढे म्हणत, गिरणीवाल्याला स्वस्तात पडली. स्वस्तात पडली नव्हती, पाडून घेतली होती.

तीनेक वर्षांत त्याच बिल्डरला त्या तळ्यावर आणखी एक इमारत उठवायची हुक्की आली. आमच्या सगळ्यांची ना-हरकत हवी होती. मला त्यात विचार करण्यासारखं काहीच नव्हतं. तळं बुजलं की पाणी माझ्या घरात. गिरणीची मोटर जमिनीपासून वीतभर वर, पोती फळीवर आणि फळी जमिनीवर. गिरणी बुडाली तर पुन्हा कोणाच्या दुकानात पोती उचलायला जाण्याचं माझं वय राहिलं नव्हतं. बिल्डरचा माणूस कागद घेऊन आला तेव्हा मी त्याला फाटकापर्यंत पोचवून आलो. कसा ते लिहीत नाही.

मग गच्चीवर मीटिंग झाली. मी बोललो, म्हणजे नेहमीसारखा ओरडलो. सगळ्यांनी हात वर केले, एकही सही द्यायची नाही. चौथ्या माळ्यावरचे सेक्रेटरी बँकेत होते, हळू बोलणारा माणूस. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "आम्ही सगळे तुमच्या पाठीशी आहोत." पाठीशी असलेला माणूस आपल्याला दिसत नाही, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं नाही.

आमच्या इमारतीत एक रीत पडून गेली होती. भांडायचं असलं की मला पुढे करायचं. टँकरवाला कमी पाणी सोडतोय, बोलवा गिरणीवाल्यांना. गणपतीचा मांडववाला जास्त मागतोय, बोलवा. रंगारी, भंगारवाला, दिवाळीची पोस्त मागायला आलेली अनोळखी माणसं, सगळ्यांशी मीच. मी बोलायचो, आवाज चढवायचो, काम व्हायचं. आणि जिना चढता चढता ही मंडळी एकमेकांना सांगायची, "भारी तोंडाचा माणूस आहे बाबा. कशी नांदते ती बाई!" मला ऐकू यायचं. गिरणी बंद असली की तळमजल्यावर जिन्यातलं सगळं ऐकू येतं.

फेब्रुवारीत सेक्रेटरी दळणाचा डबा घेऊन स्वतः खाली आले. एरवी त्यांचा डबा कामवाली आणायची.

"सहल काढतोय," ते म्हणाले. "तानसा. जंगल, तलाव, पक्षी. भाईंदर पूर्वेचा एक टूरवाला आहे, तो दाखवायला माणूस पण देतो. पण दर फार सांगतोय हो. तुम्ही जरा बसा त्याच्याबरोबर."

"मला काय जंगल बघायचंय? रोज चार माळ्यांचं बघतोय."

ते हसले. "वहिनींना घेऊन चला. त्या कधी बाहेर पडल्यात का?"

ते मात्र खरं होतं. म्हणून मी बसलो.

माझी सौद्याची एक पद्धत होती. गिरणी चालू ठेवूनच बोलायचं. पट्ट्याच्या घरघरीत समोरच्याला ओरडावं लागतं, आणि ओरडण्याची सवय नसलेला माणूस लवकर दमतो. दमला की उतरतो. टूरवाला तर पोरगेलाच होता, कमरेला पाऊच, केसांना तेल. त्याने दर सांगितला. मी हसलो. त्याने खाली आणला. मी जात्यात दाणे सोडले. त्याने आणखी खाली आणला. मग मी म्हटलं, जेवणात श्रीखंड-पुरी पाहिजे, बस पुढे-मागे करता येणाऱ्या खुर्च्यांची पाहिजे, आणि लांबचं बघायची दुर्बीण पाहिजे. तो म्हणाला, "चालेल काका."

चालेल काका! माझ्या उभ्या आयुष्यात एवढ्या लवकर कोणी पडलं नव्हतं. तो गेल्यावर मी बायकोला म्हटलं, "बघितलंस?"

ती गव्हातले खडे निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "बघितलं."

*

बस पहाटे काशीमिऱ्याच्या नाक्यावरून घोडबंदर रस्त्याला लागली. अंधार होता, थंडी होती. दुसऱ्या माळ्यावरच्या गुजराती काकींनी बस सुटल्याबरोबर थेपल्यांचा डबा उघडला. त्या थेपले वाटत पुढे आल्या आणि माझ्यापाशी थांबल्या.

"भाई, आज चक्की बंद छे. आज झगडा कोणासंगे करणार?"

"जंगलात वाघ असेल ना काकी."

"वाघ बिचारा!" त्या म्हणाल्या आणि सगळी बस हसली. मीही हसलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. माणसं माझ्याशी गोड बोलत होती. कोणी खिडकी देत होतं, कोणी चहा. तिसऱ्या माळ्यावर राहणाऱ्या, शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी तर बायकोला आपली शाल दिली. मला वाटलं, तळ्याच्या प्रकरणात मी सगळ्यांसाठी उभा राहिलो, त्याची ही जाण आहे.

ठाणे, भिवंडी, मग नाशिकचा हायवे. आटगावहून आत वळलो तेव्हा उजाडलं होतं. पुढे एका ठिकाणी पाण्याचे ते मोठे पाइप दिसले. माणूस ताठ उभा राहून चालत जाईल एवढे रुंद, रस्त्याच्या कडेने मुंबईकडे निघालेले. बस त्यांच्या बाजूने बराच वेळ चालली. सगळ्या बायका एकदम त्या बाजूच्या खिडक्यांना लागल्या. जनावर दिसल्यावरही पुढे एवढ्या कोणी वाकल्या नाहीत.

"आ सगळं पाणी?" काकी म्हणाल्या.

"मुंबईला जातं," सेक्रेटरी म्हणाले.

"अने आपल्याला टँकर!"

यावर कोणी हसलं नाही. सेक्रेटरींची बायको खिडकीशी बसली होती, पाठीला पट्टा बांधलेला. ती त्या पाइपांकडे बघतच राहिली.

जंगलात शिरताना टूरवाल्याने आणलेला वनखात्याचा एक जुना गार्ड बरोबर आला. त्याने पहिल्यांदा सांगितलं ते हे, की बोलायचं नाही. आमच्या इमारतीला बोलू नका सांगणं म्हणजे गिरणीला पीठ उडवू नको सांगण्यासारखं. तरी प्रयत्न केला. वेफर्सच्या पिशव्या कुरकुरत होत्या, कोणाच्या तरी बांगड्या वाजत होत्या. सागाची पानं गळून वाटेवर पडली होती, त्यावर आमच्या चपलांचा असा आवाज होत होता की वऱ्हाड चाललंय.

ओढ्याच्या ओल्या मातीत गार्डने बिबट्याचा पंजा दाखवला. मागच्या रात्रीचा असावा म्हणाला. सगळे गोल उभे राहून त्या खळग्याकडे बघत राहिले. शाळेतल्या बाई कुजबुजल्या, "आत्ता कुठे असेल?" गार्ड म्हणाला, "आपल्याला बघत असेल कुठूनतरी." मग बायका जवळजवळ चालायला लागल्या.

पुढे झाडीतून कुत्र्यासारखं काहीतरी भुंकलं. भेकर, गार्ड म्हणाला. त्याने बोट दाखवलं तिकडे एक तांबूस रंग हलला आणि गेला. एवढंच. पण मागे उभ्या असलेल्यांनीही सांगायला सुरुवात केली, "दिसलं, दिसलं! शिंगं पण दिसली!" मला शिंगं दिसली नाहीत. मी तसं म्हटलं. सेक्रेटरी म्हणाले, "तुम्ही प्रत्येक गोष्टीत हुज्जत घालता हो."

मग वाट झाडीतून बाहेर पडली आणि समोर तलाव आला.

मी कोकणातला. पाणी मला नवीन नाही. पण एवढं निवांत पाणी बघायची मला सवय नव्हती. पलीकडच्या काठावर डोंगर, मध्ये पाण्यात बुडलेल्या झाडांचे खुंट, त्यांवर पंख पसरून वाळवत बसलेले पाणकावळे. काठाजवळ तपकिरी बदकांचा मोठा थवा. गार्ड म्हणाला, अडई. त्या शीळ घातल्यासारख्या ओरडत होत्या. दुर्बीण एकच होती. ती हातोहात फिरायला लागली, आणि जो बघेल तो म्हणायचा, "आहाहा! किती सुंदर! हे असं आपल्याकडे कुठे?"

मी म्हटलं, "आपल्या मागच्या तळ्यात येतात की याच. पहाटे येतात. अगदी ह्याच शिळा."

दुर्बीण पुढच्या हातात गेली. काकींनी पदर सारखा केला. मला ती शांतता तेव्हा कळली नाही. वाटलं, गार्डच्या धाकाने गप्प बसलेत.

जेवण झाडाखाली मांडलं. श्रीखंड-पुरी, बटाट्याची भाजी, मसालेभात, वर मठ्ठा आणि जिलबी. मी श्रीखंडात बोट घातलं आणि चाखलं. घरचा चक्का, केशर, वेलची. भाताला चांगला जुना तांदूळ. मी धान्यातला माणूस आहे, मला पानात वाढलेल्या गोष्टीचा भाव कळतो. मी पाडलेल्या दरात हे ताट बसत नव्हतं, नुसतं ताटसुद्धा, मग ती बस आणि दुर्बीण वेगळीच. जिलबी तर मी मागितलीच नव्हती. ज्या सौद्यात समोरचा न मागितलेली जिलबी देतो, त्या सौद्याचे पैसे तिसऱ्याच कोणीतरी भरलेले असतात. मी ताट बाजूला सारून उठलो.

टूरवाला बसच्या मागे हात धूत होता. मी त्याच्या बाजूला जाऊन उभा राहिलो.

"कोणी दिले वरचे पैसे?"

"कुठले वरचे काका?"

"आवाज चढवायला लावू नको. मला इथे मनाई आहे, पण मी चढवीन."

त्याने इकडेतिकडे बघितलं. "काका, मला काय माहीत. सेक्रेटरीसाहेब बोलले, ते गिरणीवाले काका जेवढं कमी करतील तेवढं करून टाक, त्यांना कळू देऊ नको. बाकीचं तुमच्या बिल्डरच्या ऑफिसातून मिळालं मला." मग तो पोरगा हात पुसत म्हणाला, "पण तुम्ही बोलता भारी हां. खरंच घाम फुटला होता मला."

माझ्यावर दया करत होता तो.

जेवणानंतर काठाने फेरी होती. एकामागे एक, पुन्हा तोंड बंद. मी मुद्दाम सेक्रेटरींच्या मागे लागलो. आयुष्यात मी खूप भांडणं केली, पण कुजबुजत केलेलं भांडण ते एकच.

"बिल्डरच्या पैशाने जंगल दाखवताय?"

ते दचकले नाहीत. चालता चालताच म्हणाले, "कोणी सांगितलं?"

"जिलबीने."

"हे बघा, इथे नको. घरी बोलू."

"घरी बोलायला घर राहणार आहे का? सह्यांचं काय?"

ते जरा पुढे गेले. समोरची वेलीची फांदी हाताने बाजूला धरली, मला जाता यावं म्हणून. सभ्य माणूस.

"सह्या झाल्या," ते म्हणाले. "परवा. सगळ्यांच्या."

"गच्चीवर हात वर केले होते तुम्ही!"

पुढून गार्डने मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. मी आवाज गिळला. माझ्या कानशिलांत गिरणी चालू झाली होती.

"तो आम्हाला खाली टाकी बांधून देतोय," सेक्रेटरी म्हणाले. "पंप बसवून देतोय, गच्चीवर टाकी. नळाला पाणी येईल. चौथ्या माळ्यावर. तुम्हाला माहितेय ना चौथा माळा म्हणजे काय? टँकरचा पाइप तुमच्या दारात येतो. तुमचं पिंप पहिलं भरतं. माझी बायको दोन वर्षं बादल्या घेऊन जिने चढली. तिचा मणका बघितलात ना? डॉक्टर म्हणतात, आता वाकायचं नाही. मी बँकेतून येऊन रात्री पाणी भरतो."

"मग हे मला येऊन सांगायचं होतं."

"सांगितलं असतं तर तुम्ही हो म्हणाला असता?"

"नाही."

"मग?"

त्यांचंही काही खोटं नव्हतं, आणि त्यामुळेच माझा संताप जास्त झाला. खोट्या माणसाशी भांडता येतं.

"माझी सही नाही," मी म्हटलं. "माझ्या सहीशिवाय हात लावून दाखवा."

"तुमची नसली तरी चालेल म्हणतोय तो. बाकीच्या पुरतात." हे ते अगदी हळू म्हणाले. "म्हणून तर तुम्हाला कोणी विचारायला आलं नाही."

इतकी वर्षं मी एकच गोष्ट शिकलो होतो. समोरच्याला आपल्याकडचं काहीतरी हवं असलं तरच बोलणं होतं. माझ्याकडे त्याला हवं असलेलं काही उरलंच नव्हतं. म्हणजे मी त्या काठावर कोणाशी बोलत होतो, आणि कशासाठी?

मग मात्र मी ओरडलो. काय ओरडलो ते आठवत नाही. शब्द नसतीलही. पाण्यावरून तो आवाज पलीकडच्या डोंगराला जाऊन आपटला, आणि काठची सगळी अडई एकदम उठली. शेकडो पंख, त्या शिळा, सगळं आभाळ तपकिरी झालं. थवा पाण्यावरून एक गिरकी घेऊन पुन्हा आमच्या डोक्यावरून गेला.

आमच्या लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"वा! क्या बात है!" कोणीतरी म्हणालं. "फोटो घे, फोटो घे!" काकी मला म्हणाल्या, "भाई, तमे तो कमाल केली!" गार्ड तेवढा रागाने बघत होता. त्याला काय सांगू?

सेक्रेटरी तिथेच उभे होते. जरा वेळाने म्हणाले, "मी त्याच्याशी बोललोय तुमच्यासाठी. तुमच्या दाराला ओटा बांधून देईल. दोन विटांचा."

"दोन विटांनी काय होतं? चार."

"बरं. चार सांगतो."

"आणि मोटरखाली चबुतरा."

"तेही सांगतो."

ते निघून गेले तेव्हा माझ्या लक्षात आलं की मी घासाघीस केली होती. चार विटांसाठी. आणि तो मनुष्य लगेच हो म्हणाला होता.

बायको काठापासून जरा वर एका खडकावर बसली होती. चपला काढून ठेवलेल्या, दुर्बीण डोळ्यांना. थवा केव्हाच लांब गेला होता, तरी ती पाण्याकडेच बघत होती. मी बाजूला बसलो.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

तिने दुर्बीण खाली घेतली नाही. "दळण टाकायला येतात ना सगळ्या. बोलतात."

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"सांगून काय झालं असतं? तुम्ही वर जाऊन ओरडला असता. चार दिवस जिन्यात कोणी माझ्याशी बोललं नसतं. सह्या व्हायच्या त्या झाल्याच असत्या."

"तरी तू आलीस सहलीला. शाल पांघरून आलीस."

"आले." मग तिने दुर्बीण मांडीवर ठेवली. "अहो, लग्न झाल्यापासून मी पाणी म्हणजे नंबर, हंडा, पिंप एवढंच बघितलंय. एक दिवस म्हटलं, असं पाणी बघू जे भरायचं नाही. तेवढं बघू द्या मला. मग घरी जाऊन काय ओरडायचं ते ओरडा."

मी ओरडलो नाही. ऊन उतरेपर्यंत आम्ही बसून राहिलो. पाणकावळे एकेक करून उडून गेले. ती मध्येच म्हणाली, "तो खंड्या बघा, निळा," आणि दुर्बीण माझ्या हातात दिली. मला काही सापडलं नाही. मी म्हटलं, "हो, दिसला."

परतीच्या बसमध्ये सगळे बिबट्याबद्दल बोलत होते. पंज्याचा खळगा प्रत्येकाच्या हातात मोठा होत चालला होता. माझ्याशी कोणी बोललं नाही, पण वाईटही वागलं नाही. शाळेतल्या बाई उतरताना म्हणाल्या, "शाल राहू दे, उद्या द्या." त्यांच्या घरी त्या वेळी दोन म्हाताऱ्या माणसांचं पाणी त्याच भरत होत्या. हे सगळं मला माहीत आहे. माहीत असून माझा राग गेला नाही, आजही गेलेला नाही. त्यांनी मला हरवलं याचा राग नाही. न भांडता हरवलं.

*

तळं बुजवायला आठवडाभरही लागला नाही. लाल मुरमाचे ट्रक रात्रंदिवस येत होते. माझ्या खिडकीशी धूळ, दळणात धूळ. लोक तक्रार करायचे, पिठात कचकच येते. दारात ओटा बांधून मिळाला, चार विटांचाच. वर गुळगुळीत सिमेंट. गवंडी म्हणाला, "शेट, मजबूत बनाया है." मोटरखाली चबुतराही झाला. मे महिन्यात वरच्या नळांना पाणी आलं. मी जिन्यात उभा होतो. चौथ्या माळ्यावरून सेक्रेटरींच्या बायकोचं हसणं ऐकू आलं. मी तिला कधी हसताना ऐकलं नव्हतं.

जुलैत एका दुपारी भरती आणि पाऊस एकत्र आले. पाणी फाटकातून आलं, अंगणात उभं राहिलं, आणि मग त्याला जायला जागा नव्हती. आम्ही ओट्यावर पोत्यांचा बांध घातला. वरून दोन-चार पुरुष मदतीला उतरले, सेक्रेटरीसुद्धा पँट गुडघ्यापर्यंत दुमडून आले. त्यांनी माझ्याबरोबर पोती उचलली. बँकेतला माणूस, दुसऱ्या पोत्याला दम लागला. पाणी ओट्यावरून आलं तसं दाराखालूनही आलं, न्हाणीच्या मोरीतून उलटंही आलं. मोटर चबुतऱ्यावर होती, ती बुडायला थोडा जास्त वेळ लागला.

दोन दिवसांनी पाणी उतरलं. पट्टा फुगला होता, जात्याच्या आत पिठाची खळ झाली होती. मोटर जळाली. गव्हाची पोती फोडली तर आत गरम वाफ आणि आंबूस वास. मोड आले होते. पांढरे, बोटाच्या पेराएवढे.

ऊन पडलं तसा तो गहू आम्ही गच्चीवर नेऊन पसरला. गच्चीची किल्ली सेक्रेटरींनीच आणून दिली. एकही माणूस नाही म्हणाला नाही. काकींनी आपल्या वाळवणाच्या चादरी दिल्या. नव्या टाकीच्या सावलीत बसून बायको दोन-दोन तासांनी पायाने गहू परतत होती. वास सगळ्या इमारतीभर झाला होता आणि कोणी त्याबद्दल बोलत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी राई गावचा एक कोंबड्यावाला आला. कोणीतरी त्याला पाठवला होता. त्याने मूठभर गहू उचलला, नाकाशी नेला, हातातच चोळला. मोडांचा चुरा त्याच्या बोटांना चिकटला.

"कोंबड्यांना पण समदा न्हाय चालनार, शेट," तो म्हणाला. आणि भाव सांगितला.

बायकोने माझ्याकडे बघितलं. ती वाट बघत होती, मी काहीतरी म्हणेन.

मी म्हटलं, "उचल."

तो पोती भरायला लागला. बायकोने पदर खोचला, झाडू घेतला आणि त्याच्या मागे मागे गच्ची झाडायला सुरुवात केली.